जिन्नस विचारा, आडनाव नको



नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या घरांमधून यात्रेचे बेत सुरू होतात. मुलांना शाळा नसते, हवा छान असते, चातुर्मास संपलेला असतो. मुक्तागिरी, रामटेक, शिरपूर, कारंजा, कुठे ना कुठे गाडी काढायचीच असते. आणि बेत ठरला की पाठोपाठ वादही ठरलेला: वाटेत खायचं काय? एक बाजू म्हणते, सगळं घरून न्यायचं, बाहेरच्या कशालाही हात लावायचा नाही. दुसरी बाजू म्हणते, प्रवासात कसले आले नियम, लहान लेकरं आहेत, खाऊ द्या काय खायचं ते. मधल्या मध्ये घरातली बाई अडकते, कारण डबा तिनंच करायचा असतो आणि वाटेत रडणारं पोरही तिनंच सांभाळायचं असतं.

मला या दोन्ही बाजू पटत नाहीत. लहान मुलांना आहाराचा नियम खरा समजतो तो रस्त्याच्या कडेला, भज्यांच्या गाडीसमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं विचारल्यावर: "काका, यात काय काय घातलंय?" म्हणून वाटेत थांबावं, विचारावं, आपल्याला चालतं ते तिथलं घ्यावं, चालत नाही ते हसून सोडावं. आणि हे शिकवताना आपण मोठ्यांनी आपली एक जुनी सवय सोडावी. पदार्थाऐवजी माणसाची चौकशी करण्याची.

कारंजा म्हणजे कोणतं?

आमची नेहमीची वाट नागपूरहून मुक्तागिरीची. वाडी, बाजारगाव, कोंढाळी, मग कारंजा, तळेगाव, तिवसा, मोझरी, अमरावती, परतवाडा आणि मग बावन्न मंदिरांचा तो डोंगर. हा जुना ६ नंबरचा महामार्ग, आता त्याला ५३ नंबर म्हणतात.

जैन घरात 'कारंजा' म्हटलं की सगळ्यांना कारंजा लाडच आठवतं. सेनगण, बलात्कारगण, काष्ठासंघ यांची मंदिरं, जुनी हस्तलिखितं, गुरुकुल असलेलं ते वाशिम जिल्ह्यातलं कारंजा. मी म्हणतेय ते वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे. नागपूरपासून ७५-८० किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. नकाशात नुसतं 'कारंजा' टाकलं की दोन्ही समोर येतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लाड की घाडगे ते नीट बघून घ्यावं.

या कारंज्यात आपलं तीर्थ आहे म्हणून आम्ही थांबत नाही. नागपूर-अमरावतीच्या जवळजवळ मध्यावर ते येतं म्हणून थांबतो. सकाळी सातला निघालं की साडेआठ-नऊला मुलांना भूक लागते, धाकटीला 'लागलेली' असते, मोठ्याला गाडीत बसून कंटाळा आलेला असतो. लहान मुलांसोबतच्या प्रवासात पहिला मुक्काम देवाच्या मर्जीनं ठरत नाही, मुलांच्या पोटानं ठरतो.

माझ्या घरीही समृद्धी महामार्गाची चर्चा असते. नागपूर-शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता झाला. ज्यांना कारंजा लाडला दर्शनाला जायचंय त्यांच्यासाठी तो सोयीचाच आहे. आजारी माणूस सोबत असेल, वेळ कमी असेल, तर जरूर त्यानं जावं. पण द्रुतगती मार्गावर गावं लागत नाहीत. गाडीतून उतरायचं ते ठरलेल्या थांब्यावर, आणि तिथे बरंचसं खाणं पाकिटातलं. मुलांना शिकवण्यासारखं त्यात फार थोडं आहे. आमचं मुक्तागिरीचं गाठोडं मात्र जुन्याच रस्त्यानं जातं, आणि मला त्याचा आनंदच आहे.

सगळं घरचं आणि सगळं बाहेरचं

सगळं घरून नेणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. माझ्या सासूबाई त्याच पक्षातल्या. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. गाळलेलं पाणी अठ्ठेचाळीस मिनिटं, उकळलेलं चोवीस तास. हे सगळं त्यांच्या बोटांवर असतं. बाहेर यातलं काय कोण बघणार? त्यांनी आयुष्यभर हे सांभाळलंय, आणि त्यांच्यामुळेच आमच्या घरात आजही सकाळी पाणी गाळलं जातं. त्यांचा डबा त्यांच्यासाठी योग्यच आहे.

पण नऊ वर्षांच्या आणि चार वर्षांच्या मुलांनी सगळा रस्ता बंद काचेआडून बघायचा आणि डब्यातली दशमी खायची, यातून त्यांना काय कळतं? त्यांना एवढंच कळतं की बाहेरचं जग घाण आहे आणि आपण त्याच्यापासून लपून बसायचं असतं. अशी मुलं पुढे वसतिगृहात गेली की काय होतं, ते आपण आजूबाजूला पाहतोच. ज्यानं कधी विचारलंच नाही, त्याला एक दिवस विचारायची लाज वाटते, आणि लाज वाटली की ताटात येईल ते खाल्लं जातं.

दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्यायला हवं. आमचे हे म्हणतात, "अगं, मुलांचं बालपण आहे. सगळे आलुबोंडा खातात आणि आपलीच पोरं बघत बसतात, बरं दिसतं का?" यात बापाची माया आहे. पण 'प्रवासात चालतं' हे वाक्य मूल फार लवकर शिकतं. आज प्रवासात चालतं, उद्या लग्नात चालतं, परवा मित्राच्या वाढदिवसाला चालतं. मग घरात नियम उरतो तो फक्त आजी समोर असताना पाळायचा. तो आजीचा धाक झाला, जीवदया राहिली नाही.

म्हणून आमच्या घरी मी एक साधी वाटणी केली आहे. जेवण घरचं, खाऊ रस्त्यावरचा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, रव्याचे लाडू आणि स्टीलच्या कॅनमध्ये सकाळी उकळून गार केलेलं पाणी, एवढं घरून. बाकी मधल्या वेळचं जे काही असेल ते वाटेतल्या गावाकडून, विचारून.

'जैन आहे का?' असं विचारू नका

विचारायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगते. आपल्याला सवय असते, गाडीवाल्याला विचारायचं, "भाऊ, हे जैन आहे का?" हा प्रश्न काही कामाचा नाही. बाहेर 'जैन' या शब्दाचा अर्थ कांदा-लसूण नाही, एवढाच झालाय. महामार्गावरच्या एका ढाब्यावर आम्हाला "हो हो, जैनच आहे" म्हणून जी भाजी आली तिच्यात बटाट्याच्या मोठ्या फोडी होत्या. त्या माणसानं फसवलं नव्हतं. त्याच्या हिशेबानं ती जैनच होती.

त्यापेक्षा मुलांना शिकवावं, जिन्नस विचारा. "काका, यात काय काय घातलंय?" कारंज्याला आमच्या मोठ्यानं असंच विचारलं, तर गाडीवाले काका झारा थांबवून म्हणाले, "बोंड्यात आलू हाय बाबू. मुंगवड्यात मुंगाची दाळ, मिरची अन् सांबार. कांदा अजून टाकायचा हाय." सांबार म्हणजे आपल्याकडची कोथिंबीर, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोरगं लगेच म्हणालं, "मग कांदा टाकायच्या आधी आम्हाला काढून द्याल?" आणि त्यांनी दिले. सकाळची वेळ, तेल ताजं, पहिलाच घाणा. चार गरम मुंगवडे हातात घेऊन तो गाडीकडे आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाठशाळेत बक्षीस मिळाल्यावरही मी पाहिलेलं नाही.

आपल्या भागातल्या खाण्याची एक यादी मुलांना तोंडपाठ करून द्यावी. आलुबोंडा आणि समोसा, त्यात आलू. पोह्यांत कांदा, आणि वरच्या तर्रीत कांदा-लसूण दोन्ही. कचोरी डाळीची असेल तर विचार करता येतो, पण सारणात काय आहे ते विचारूनच. सांबारवडी, मसाल्यात लसूण आहे का ते विचारून. जिलेबीचं पीठ आंबवलेलं, ज्यांना आंबवलेलं चालत नाही त्यांनी सोडावी. अमरावतीचा गिला वडा म्हणजे डाळीचा वडा आणि वर दही, म्हणजे द्विदल. ज्यांच्या घरी द्विदल पाळतात त्यांनी त्या दुकानासमोरून वासावरच समाधान मानावं. वर्ध्याकडून कुणी येणार असेल तर तुपातला गोरसपाक मागवावा, मुलं खूश होतात.

आणि ज्यात काहीच विचारावं लागत नाही ती म्हणजे संत्री. कोंढाळी-कारंजा हा सगळा संत्र्यांचाच पट्टा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास सुरू होतात ती डिसेंबरपर्यंत, आणि मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. रस्त्याच्या कडेला ढीग लावून बसलेल्या बाईकडून संत्री घ्यावीत, मुलांना तिच्याशी बोलू द्यावं. बहार म्हणजे काय ते मास्तरांपेक्षा तीच चांगलं सांगते.

डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या शेंगाही मिळतात. मिठात उकडलेल्या शेंगा विदर्भात सगळे आवडीनं खातात, पण त्या न सोलता उकडलेल्या असतात, आत अळी असली तर तीही उकडलेली. म्हणून आम्ही कच्च्या शेंगा घेतो. गाडीच्या सावलीत वर्तमानपत्र पसरायचं, एकेक शेंग उघडायची, पाहायची, मग दाणा तोंडात. आपण स्वयंपाकघरात 'शोधून घेणं' म्हणतो तेच हे. मागच्या वर्षी धाकटीला एक हिरवी अळी सापडली. तिनं ती शेंगेच्या सालीवरच ठेवून बांधावरच्या गवतात नेऊन सोडली, आणि पुढे मोझरी येईपर्यंत ती अळी आता काय करत असेल यावर गाडीत चर्चा चालली होती. अहिंसा या शब्दाचा अर्थ मी तिला अजून सांगितलेला नाही. तिला तो बहुतेक कळलाय.

आता ती दुसरी गोष्ट

हे लिहायला थोडं जड जातं, पण लिहिते.

आपल्यापैकी काही जण गाडीवर विचारतात ते वेगळंच. "तुम्ही कोणते?" "आडनाव काय?" "कोणत्या समाजाचे?" एका प्रवासात नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई आमच्यासोबत होत्या. वाटेतल्या एका गाडीवर सगळं विचारून झालं होतं, कांदा नाही, आलू नाही, तेल ताजं. मग त्यांनी नाव विचारलं. त्यानं सांगितलं. त्यांनी "राहू द्या, नको" म्हटलं आणि पदर सावरून गाडीत जाऊन बसल्या. तो माणूस काही बोलला नाही. त्यानं काढलेला घाणा दुसऱ्या ताटात ओतला. नऊ वर्षांच्या पोराला हे सगळं दिसलं. गाडी सुरू झाल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, "आई, नाव कळल्यावर मुंगवडा कसा बदलला?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला आपल्याकडे धर्मातलं कोणतंही उत्तर नाही. कारण आपला धर्म त्या मुलाच्या बाजूनं आहे.

आपण पाठशाळेत शिकवतो की सम्यग्दर्शनाला मलिन करणारे आठ मद असतात. त्यात कुळाचा मद आणि जातीचा मद हे दोन्ही नावानिशी आहेत, ज्ञान, बळ आणि तपाच्या मदाबरोबर. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त तर स्पष्ट सांगितलंय की मातंगाच्या पोटी जन्मलेला माणूसही सम्यग्दर्शनानं युक्त असेल तर तो देवासमान मानावा. त्याच ग्रंथात पाच अणुव्रतांसाठी पाच उदाहरणं आहेत, आणि अहिंसेच्या व्रतासाठी पहिलं नाव आहे एका मातंगाचं. यमपाल त्याचं नाव. फाशी देण्याचं काम करणारा तो माणूस. चतुर्दशीला हिंसा करायची नाही एवढं एक व्रत त्यानं मुनींकडून घेतलं होतं. राजानं नेमकं त्याच दिवशी एकाला मारण्याची आज्ञा दिली. त्यानं नकार दिला. त्याला तळ्यात फेकून दिलं, आणि तिथे देवांनी त्याचा मान केला.

विचार करा. आपल्या आचार्यांना अहिंसेचा पहिला आदर्श शोधायचा होता तेव्हा त्यांनी राजा घेतला नाही, शेठ घेतला नाही. ज्याच्या हातचं पाणी त्या काळात कुणी प्यायलं नसतं त्याला घेतलं. आणि आपण ही गोष्ट मुलांना रविवारी सांगतो आणि सोमवारी गाडीवाल्याचं आडनाव विचारतो.

आपला आहाराचा नियम जीवांसाठी आहे. कंदात अनंत जीव, रात्री दिसत नाहीत म्हणून मरणारे जीव, पाण्यातले, पिठातले, शेंगेतले जीव. यात माणसाची जात कुठेच बसत नाही. ज्या हातानं कढईत कांदा घातला नाही तो हात आपल्यासाठी पुरेसा शुद्ध आहे. मूल जर आपल्याकडून आडनाव विचारायला शिकलं, तर मोठं झाल्यावर ते दोनपैकी एक करेल. एक तर आपल्यासारखं माणसं पारखत बसेल, किंवा या सगळ्याचा राग येऊन कांद्यासकट सगळंच सोडून देईल. दुसऱ्या प्रकारची तरुण मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना जीवदया नकोशी झालेली नसते. तिच्या आडून चाललेला उच्चनीचपणा नकोसा झालेला असतो. आपण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून दिलं, त्यांनी गाठोडंच फेकलं.

प्रवासात नियम टिकतो का?

टिकतो. याचं एक उदाहरण याच वर्धा जिल्ह्यात राहून गेलंय. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळी गांधीजींनी व्रत घेतलं की हिंदुस्थानात असताना चोवीस तासांत पाचपेक्षा जास्त जिन्नस खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही. आत्मचरित्रात त्यांनी याचं कारण दिलंय. ते जातील तिथे यजमान त्यांच्यासाठी खाण्याचा फार खटाटोप करत, आणि तो त्यांना थांबवायचा होता. म्हणजे हे व्रत मुळात घेतलंच गेलं प्रवासातून. औषधसुद्धा त्या पाचांत धरलं होतं, पळवाट ठेवली नव्हती. १९३६ मध्ये ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, येऊन राहिले. देशभर तिसऱ्या वर्गानं फिरणाऱ्या त्या माणसाला जे जमलं, ते आपल्याला चारचाकी गाडी, स्टीलचा डबा आणि मोबाइलमधलं घड्याळ असताना जमायला हरकत नाही.

आम्ही मुलांसाठी यातला एक भाग खेळ म्हणून घेतला आहे. प्रवासाच्या दिवशी सकाळी प्रत्येकानं ठरवायचं, आज बाहेरचे तीनच पदार्थ. कोणते, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. भोगोपभोग परिमाण व्रताचंच हे बाळरूप आहे. मग कारंज्यात मुंगवडा घेतला तर अमरावतीत संत्राबर्फी घ्यायची की नाही, यावर मोठा गंभीरपणे हिशेब करतो. दुकानात हट्ट करण्याचं प्रमाण किती कमी झालं, ते आयांना वेगळं सांगायला नको.

रात्रिभोजनाचं मात्र घड्याळ आधीच लावावं लागतं. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो. जूनमध्ये तोच सात वाजेपर्यंत असतो. उन्हाळ्यातला अंदाज हिवाळ्यात धरला की गाडीत संध्याकाळी भुकेली मुलं आणि बाहेर अंधार, अशी वेळ येते. म्हणून मुक्तागिरीहून परतताना आम्ही दुपारी एकच्या आत निघतो. अमरावतीत रेंगाळायचं नाही. साडेचार-पाचला कारंजा गाठायचं, तिथे एखाद्या झाडाखाली डबा उघडायचा, उरलेल्या दशम्या, संत्री, जमलं तर कुणाकडून गरम दूध. सूर्य मावळायच्या आत पाणी पिऊन गाडीत बसायचं. पुढचे दीड-दोन तास मुलं झोपतात.

आणि चार वर्षांची मुलगी आठ वाजता उठून भूक म्हणून रडली तर? तिला दूध द्यावं, आणि द्यावं ते मनात काही न ठेवता. आपल्याच शास्त्रानं श्रावकाला अकरा प्रतिमा सांगितल्या, एकदम एकच उंची सांगितली नाही. रात्रिभुक्तित्याग ही त्यातली सहावी. सासूबाई त्याच कढईतलं काही खात नाहीत, मुलं खातात, मी दोघांच्या मध्ये आहे. कुणी कुणाला टोमणा मारायचा नाही, हा आमच्या गाडीतला पक्का नियम. जो ज्या पायरीवर आहे तिथून त्यानं वर बघावं. पायरीवरून दुसऱ्याला ढकलू नये.

ज्यांना अजून शंका आहे त्यांच्यासाठी

"बाहेर स्वच्छता नसते" हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर डोळे उघडे ठेवून निवड करणं हेच आहे. सकाळचा पहिला घाणा घ्यावा. उघडं ठेवलेलं, माश्या बसलेलं घेऊ नये, मग गाडी कुणाचीही असो. पाणी आपलं वापरावं. तेल काळं दिसलं तर संत्री घेऊन पुढे जावं. न घेणं हेही मुलांसमोरच, शांतपणे व्हायला हवं. "नको काका, आम्हाला आज नको," एवढं पुरतं. नाक मुरडायची गरज नाही. तो माणूस त्या गाडीवर घर चालवतो.

"मुलं आज विचारतील, उद्या मोहात पडतील" हाही आक्षेप येतो. पडतीलही. पण ज्या मुलाला विचारायची सवय आहे ते मोहात पडलं तरी त्याला कळतं की आपण काय खातोय. कळून खाणारा परत येऊ शकतो. ज्याला कधी काही कळूच दिलं नाही त्याला परतायची वाट तरी कशी सापडणार?

तेव्हा या सुट्टीत गाडी काढाल तेव्हा डबा जरूर भरा, पण काठोकाठ भरू नका. वाटेतल्या गावासाठी थोडी जागा ठेवा. कारंजा घाडगे असो, तिवसा असो की तुमच्या वाटेवरचं दुसरं एखादं गाव, तिथे उतरा. मुलांना पुढे करा, तुम्ही दोन पावलं मागे राहा. त्यांना विचारू द्या कांद्याचं, लसणाचं, आलूचं. उत्तर ऐकून त्यांनाच ठरवू द्या. आणि निघताना त्या काकांना, त्या संत्रीवाल्या मावशींना "येतो हं" म्हणायला सांगा. पुढच्या वर्षी त्याच गाडीवर थांबलात तर तेच काका विचारतील, "कांदा नको ना बाबू?" मग त्या गावात आपल्या मुलाचा नियम त्याच्या आईशिवाय आणखी एका माणसाला माहीत असेल.

जय जिनेंद्र.